खिचडीला मोगऱ्याचा वास

११ नोव्हेंबर, मंगळवार

"म्हणजे आता तू पोरांचे हात धुणार," बाबा म्हणाले. मी म्हटलं, धुणार नाही, धुवायला शिकवणार. बंद पडलेल्या लिफ्टकडे बघतात तसं ते माझ्याकडे बघत राहिले (लिफ्टदुरुस्ती हेच त्यांचं काम) आणि म्हणाले, "बरोबर. त्याला बीएस्सीचं दीड वर्ष पुरतं." मी ताट सरकवून उठलो. कॉलेज सोडलं ते सोडलं. सरांनी लॅबमध्ये सगळ्यांदेखत माझं जर्नल भिरकावलं, मी ते त्यांच्यासमोर फाडलं. माफी मागायला मी परत जाईन असं कोणाला वाटत असेल तर वाटो.

पण आज हे लिहायचंच नव्हतं. आज धुकं लिहायचं होतं.

कांजूरहून बसने मुलुंड, पुढे शेअर रिक्षा, आणि रिक्षा संपते तिथून वीस मिनिटं चढ. बोंडारपाडा. पत्त्यात मुंबई आहे, पण मुंबई तिथपर्यंत चढलेली नाही. आधी धुक्यातून नुसता कोंबडा ऐकू आला, मग हळूहळू शाळा आली. दोन खोल्या, चौतीस मुलं, नळ नाही. अंगणात संस्थेने ठेवलेली निळी टाकी, तिला खाली चार तोट्या. आणि टाकीपाशी पाठमोरी अबोली. केस ओले होते. वाऱ्याबरोबर तिच्या साबणाचा वास आला, मोगऱ्याचा. डोंगरावर, नोव्हेंबरात, मोगरा! मी तिथेच थांबलो. हाक मारली असती तर धुकं फाटलं असतं असं वाटलं.

अबोली कॉलेजात मला दोन वर्षं सीनियर होती. आता ती शाळाशाळांतून हात धुण्याची सवय लावणाऱ्या संस्थेत आहे. तिनेच मला इथे ओढलं. "तुझ्यासारखी भांडकुदळ माणसं मुलांना आवडतात रे." हे तिने किती विचार करून म्हटलं असेल?

साहेब म्हणजे मिहिरदादा. शांत माणूस, चेंबूरला राहतो. त्याने नियम सांगितला. टाकी जानेवारीअखेरपर्यंत चाचणीवर आहे. आठवड्यातून दोनदा टेंपो येऊन ती भरतो. शेवटी एक दिवस मोजणी होईल. निम्म्या मुलांनी जेवणाआधी साबणाने हात धुतले तर टाकी आणि टेंपो कायम, नाहीतर दोन्ही दुसऱ्या शाळेला. "आणि तसं झालं तर इथे?" मी विचारलं. क्षमा मॅडमनी, त्या शाळेच्या एकुलत्या एक बाई, शिपाई धाकूकाकांकडे बोट केलं. धाकूकाकांनी सदऱ्याची कॉलर बाजूला करून खांदा दाखवला. कावडीने तिथे घट्टा पडलाय, शेंगदाण्याएवढा, चकचकीत. चाळीस वर्षं ते खालच्या नळावरून पाणी वर आणत होते. टाकी आल्यापासून कावड भिंतीला टेकून उभी आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साबण निवडायचं काम माझं. भांडुपच्या दुकानात उभा राहून मी एकेक वडी हुंगली. गुलाब नाही, लिंबू नाही, चंदन तर अजिबात नाही. दुकानदार म्हणाला, "भाई, आंघोळ करायचीय का लग्न?" अकराव्या वडीला सापडला. तोच.

आज मुलांना फेस कसा करायचा ते दाखवलं. तळवे, मग बोटांमधल्या फटी, मग नखं. मुठीत फुंकर मारली तर फुगा येतो हे त्यांनीच शोधून काढलं. चौतीस मुठी आणि अंगणभर फुगे. एक फुगा फार वेळ तरंगत राहिला. त्यात शाळा उलटी दिसत होती, उलटी अबोली हसत होती आणि जंगल खाली होतं. तो फुटला तेव्हा मला कोणीतरी झोपेतून उठवल्यासारखं झालं.

परत जाताना अबोलीला मिहिरदादाने गाडीने घरी सोडलं. तो चेंबूरचा, तरी रोज वाकडी वाट करून तिला सोडतो. खरंच चांगला माणूस आहे. असा बॉस मिळायला नशीब लागतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झकास! चौतीसपैकी एकतीस मुलांनी हात धुतले. मी तक्ता अबोलीपुढे धरला. तिने भुवई वर केली.

"हा रकाना कुठला?"

"जेवणाचा."

"जेवणानंतरचा आहे, येड्या. आधीचा बघ."

आधीच्या रकान्यात पाच.

"अगं पण धुतायत ना!"

"चेहऱ्याला पावडर लावल्यासारखं धुतायत. पोटात जायचं ते आधीच गेलं." मग ती माझ्या डब्याकडे बघायला लागली. अर्धी चपाती संपली होती. "आणि तू? तू कधी धुतलेस?"

मी घास तसाच धरून बसलो. खरं सांगायचं तर नव्हते धुतले. आमच्याकडे आई जेवणानंतर 'आंचवलंस काय?' असं रोज विचारते. जेवायच्या आधी कोणी काही विचारत नाही. हात खरकटा झाला की धुवायचा, एवढंच मला एकवीस वर्षांत कळलंय. क्षमा मॅडम हसून हसून खोकल्या. "गुरुजींनाच शिकवणी लावा," म्हणाल्या. मला राग आला, पण अबोलीही हसत होती आणि हसताना तिने माझ्या दंडावर चापट मारली. त्यामुळे राग कुठे ठेवायचा ते कळेना.

२ डिसेंबर, मंगळवार

आज मी दारात उभा राहिलो. हात हुंगून दाखव, मगच आत जा. मोगरा नाही तर खिचडी नाही. निदान आकडा तरी हलेल!

आकडा हलला. सत्तावीस. पण दुसरीतली मंगली दारात आली, हात मागे धरून. "धू," मी म्हटलं. ती जागची हलेना. "धुतल्याशिवाय मिळणार नाही." ती वळली आणि घरी निघून गेली. मी ओरडलो, "जा! उद्या पण तेच!"

मग क्षमा मॅडम मला वर्गामागे घेऊन गेल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "सर्वेश, या खोलीत मी एकोणीस वर्षं आहे. कोणाचा अभ्यास झाला नाही, कोणी मारामारी केली, कोणी माझी खुर्ची मोडली. जेवण कोणाचंच अडवलं नाही. तू कोण?"

मी म्हटलं, मग टाकी जाऊ द्या! मॅडम वळून वर्गात गेल्या. ते जास्त लागलं.

मंगली धाकूकाकांची नात आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जाताना त्यांना 'येतो काका' म्हटलं. ते अंगण झाडत राहिले.

सगळे माझ्यावरच का येतात? मी हे कोणासाठी करतोय?

हा प्रश्न लिहिला आणि लगेच खोडावासा वाटला. राहू दे.

८ डिसेंबर, सोमवार

टेंपो बिघडला. टाकी कोरडी. चढावर धाकूकाका दिसले, कावड खांद्यावर, दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन. मी पुढे झालो आणि कावड मागितली.

"नाय झेपायचं."

"द्या हो."

दिली. पन्नास पावलांत मला गिरणीत राबलेले आजोबा, बाबांची लिफ्ट, सगळं आठवलं. पाणी डुचमळतं, आणि आपण एका लयीत चाललो नाही तर तेच आपल्याला चालवतं. काका मागून नुसतं "हळू... हळू" म्हणत होते, झोपाळ्यावरच्या बाळाला म्हणावं तसं. झाडांतून ऊन गळत होतं. चार वेळा थांबलो. चौथ्यांदा मी म्हटलं, "काका, त्या दिवशी माझं चुकलं."

"मला काय सांगतो? उपाशी मी होतो का?"

म्हणून मंगलीला सांगितलं. ती गोट्या खेळत होती. तिने फार मनावर घेतलं नाही. मी विचारलं, "तू हात का धूत नाहीस गं?"

"धुते की. जेवल्यावर."

"आधी?"

तिने नाक मुरडलं. "आधी धुतले तर खिचडी फुलाची लागते."

"म्हंजे?"

"फुलाची! देवाचं फूल खातात का?"

मी हात धुतले. मोगऱ्याने, अगदी शिकवतो तसे. मग खिचडी कालवून पहिला घास घेतला. देवाशप्पथ सांगतो, तोंडात गजरा चावल्यासारखं झालं. हळद, डाळ आणि मोगरा. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी गिळला. सगळी टाळ्या पिटून हसायला लागली.

जेवल्यानंतर धुतात, कारण वास हाताला घेऊन घरी जाता येतं. जेवणाआधी धूत नाहीत, कारण जेवण नासतं. इतकं साधं होतं, आणि मी दारात उभा राहून त्यांचे हात हुंगत होतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

अबोलीला सांगितलं, साबण बदलायला हवा. का ते सांगितलं. हाच साबण मी का आणला, ते नाही सांगितलं. तिने वडी उचलून नाकाशी नेली.

"अय्या, माझापण हाच आहे!"

"हो का?" मी टाकीकडे बघत म्हटलं.

"मिहिरने दिवाळीत अख्खं खोकं दिलं होतं. सहा महिने पुरेल."

संस्थेत दिवाळीला सगळ्यांना साबण देतात बहुतेक. मी नोव्हेंबरात लागलो म्हणून माझा चुकला.

१७ डिसेंबर, बुधवार

बिनवासाचा साबण जगात नाही. शेवटी कपड्यांचा पांढरा बार आणला, त्याला वास कमी. किसला की हवा लागून उरलेलाही उडेल, मग तो पाण्यात विरघळवायचा आणि झाकणाला भोक पाडलेल्या बाटल्यांत भरायचा. चार थेंबांत एका मुलाचे हात. लॅबमध्ये मला जे जमलं नाही ते स्वयंपाकघरात जमतंय.

आईने पाहिलं. "मेल्या, खोबऱ्याच्या किसणीर साबण किसतंस? उद्या सोलकढीक फेस इलो तर कोणाक सांगू?" पण नंतर तीच गच्चीवर साडी पसरून द्यायला आली. चार दिवस कीस उन्हात ठेवायचा. पांढरा शुभ्र, ओल्या खोबऱ्यासारखा. मी कावळे हाकत त्याच्या शेजारी पडून राहिलो. खाली कांजूरचा सगळा गोंगाट, पण गच्चीवर तो कापसातून आल्यासारखा येत होता. मी डोळे मिटून मोगरा आठवायचा प्रयत्न केला. वास आठवता येत नाही. माणूस आठवतं, जागा आठवते, वास तेवढा येत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

जेवणाआधी तेरा. काल अकरा होते. कोणी दारात उभं नाही, कोणी ओरडत नाही. भीमराज नावाचा चौथीतला पोरगा थेंब मोजून देतो आणि पाचवा मागणाऱ्याला "बापाची टाकी हाय का?" असं विचारतो.

अबोली नाताळापासून रजेवर आहे. तिच्याशिवाय धुकं नुसतंच धुकं असतं.

९ जानेवारी, शुक्रवार

आली!

मुलांना नखांचं परत दाखवायचं होतं. तिने बोटातली अंगठी काढली आणि इकडेतिकडे न बघता माझ्या हातावर ठेवली. "धर रे, साबणात सटकेल." नवी अंगठी, बारीक खड्याची. तिचे हात धुऊन होईपर्यंत ती माझ्या मुठीत होती. अजून गरम होती. तिथे क्षमा मॅडम होत्या, काका होते, तरी तिने माझ्याकडे दिली. माणूस अशी वस्तू कोणाजवळ देतं?

परत देताना मूठ उघडवेना. क्षमा मॅडम माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं वाटतं. त्या एकदम म्हणाल्या, "सर्वेश, पाणी पी जरा."

२० जानेवारी, मंगळवार

मिहिरने पेढे आणले. त्याचा आणि अबोलीचा साखरपुडा नाताळच्या सुट्टीत झाला. लग्न मे महिन्यात. सगळ्यांना ठाऊक होतं. मंगलीला ठाऊक होतं!

"मला का नाही सांगितलं?" मी अबोलीला विचारलं.

"अरे, सगळं तुझ्यासमोरच तर होतं. लपवलं कुठे?" मग तिचा चेहरा बदलला. "सर्वेश... तू काय समजत होतास?"

मी पेढा टाकीच्या दिशेने भिरकावला. मिहिर म्हणाला, "शांत हो, यार." त्याला मी काय काय बोललो ते लिहीत नाही. मुलं खिडकीतून बघत होती. मी म्हटलं, संपलं, मी येणार नाही, मोजा तुमचे हात तुम्हीच. चढ उतरताना पाय आपोआप पडत होते.

ती एक शब्दही खोटं बोललेली नाही. हेच मला सहन होत नाहीये.

२७ जानेवारी, मंगळवार

आठवडा झोपून काढला. दुपारी फोन वाजला. धाकूकाकांनी कधी फोन केला नव्हता.

"परवा मोजणी. बाटल्या रिकाम्या झाल्या."

मी उठून बसलो.

"पोरं नुसत्या पाण्यानं धुतात. ते मोजत नाय म्हणं." आणि मग, "तू पडलास का कुठं?"

"हो काका."

"लागलं?"

"लागलं."

"मग हात चालतात ना?"

फोन ठेवून मी किसणी शोधली. आईने ती आधीच ओट्यावर काढून ठेवली होती. चार दिवसांचं ऊन आता नाही, दीड दिवसाचंच मिळेल.

२९ जानेवारी, गुरुवार

ज्याने शिकवलं त्याने मोजणीच्या वेळी दिसायचं नाही, असा नियम. नाहीतर मुलं त्याच्यासाठी धुतात. म्हणून मी शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून बसलो. भिंत उन्हाने तापली होती. पलीकडून फक्त आवाज. तोटी, पाणी, पावलं, भीमराजचं "चार! चारच!". डोळे मिटले की पाणी कानात कुठूनतरी लांबून आल्यासारखं वाटत होतं. मी बोटांवर मोजायला लागलो आणि मध्येच चुकलो.

तेहतीस मुलं हजर. सतरा हवी होती.

मिहिर भिंतीमागे आला, कागद घेऊन. अबोली नव्हती, तो एकटाच. "सोळा," तो म्हणाला. मग पेनाचं टोपण काढलं, बंद केलं. "साबण अजून थोडा वासाचा होता, बहुतेक म्हणून. एकाचं काय एवढं... सतरा लिहितो. चालेल ना?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला माझी दया येत होती. भेट देतात तशी तो मला टाकी देत होता.

"सोळा लिही," मी म्हटलं.

"सर्वेश, विचार कर. तुझ्यासाठी नाही, शाळेसाठी."

"सोळा झालेत ना? मग सोळा लिही!"

त्याने लिहिलं.

हे मी खरं बोलायचं म्हणून केलं की त्याच्या हातून काही घ्यायचं नव्हतं म्हणून? मला माहीत नाही. दिवसभर दोन्ही उत्तरं आळीपाळीने खरी वाटतायत. धाकूकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी भिंतीला टेकलेल्या कावडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "एकच कमी होता ना रे?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

टाकी गेली. चार माणसांनी ती टेंपोत चढवली. अंगणात तिचा गोल ओला डाग राहिला. काकांनी भिंतीची कावड उचलली. मी दुसरी बांबूची केली होती. दोघं उतरलो, दोघं चढलो. वर येईपर्यंत त्यांनी एकदाही "हळू" म्हटलं नाही.

जेवणाची वेळ झाली. मी बाटल्या घेऊन ओट्यावर बसलो होतो, उगाच. कोणी येईल असं वाटत नव्हतं. मुलं बाहेर आली आणि सवयीने त्या ओल्या डागापाशी जाऊन उभी राहिली. तोट्या नाहीत हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. पहिल्यांदा कोण हललं ते मी पाहिलं नाही. कोणीतरी कॅनमधून लोटीभर पाणी घेतलं, कोणीतरी तिच्यापुढे हात धरले. घरी पाहुण्याच्या हातावर घालतात तसं. "साबण लाव ना, म्हशे!" ओतणारी म्हणाली. "मी पाणी धरून उभीय." साबण लावल्याशिवाय ती पाणी सोडेना. मग दुसरी जोडी, तिसरी. कोणी साबण टाळला तर ओतणारा लगेच बोंब मारत होता. क्षमा मॅडम उंबऱ्यात पाटीसारख्या उभ्या. काका कावड खाली ठेवायचं विसरले होते.

अर्धा कॅनसुद्धा संपला नाही. टाकी असताना रोज पाचपट वाहून जायचं.

मी मोजलं नाही. सगळीकडे जोड्या होत्या, वाकलेली डोकी आणि उन्हात पाण्याच्या बारीक दोऱ्या. शेवटी कॅनपाशी मंगली एकटीच उरली, भरलेली लोटी घेऊन. आजही तेहतीसच मुलं आली होती, म्हटल्यावर एक उरणारच. तिने सगळीकडे पाहिलं आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, हात."

मी म्हटलं, मी नंतर जेवणार आहे गं.

"हात!"

मी हात पुढे केले.